एव्हरेस्ट बेस कॅम्पला जाताय? आधी दिवस मोजा

दिवाळीच्या सुट्टीत किंवा मे महिन्याच्या सुरुवातीला काठमांडूच्या थमेल भागात फिरताना मराठी हमखास कानावर पडतं. पुण्याचे, ठाण्याचे, नाशिकचे गट असतात. कुणी डाउन जॅकेट भाड्याने घेत असतं, कुणी काठ्यांसाठी घासाघीस करत असतं. त्यात पंचविशीतले तरुण असतात आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदाच हिमालयात आलेले काका-मावशीही असतात. यातले बहुतेक जण बेस कॅम्पला पोचतात. ही वाट गिर्यारोहणाची नाही. तिथे दोर लागत नाही, बर्फावर चढाई करावी लागत नाही. खुंबू खोऱ्यातली ही पायवाट शतकानुशतकांच्या वापराने रुळलेली आहे आणि रोज संध्याकाळी डोक्यावर छप्पर आणि पुढ्यात गरम डाळभात मिळतो. येऊन-जाऊन अंतर साधारण १३० किलोमीटर. दिवसाला पाच-सहा तास चालायची सवय असलेल्या माणसाला ते जमण्यासारखं आहे.

कठीण आहे ती उंची, आणि तिचा सराव महाराष्ट्रात करता येत नाही. आपलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. चालायला सुरुवात होते त्या लुक्ल्याच्या विमानतळावर पाय टेकताच तुम्ही सुमारे २,८५० मीटरवर असता. बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर आहे. तिथल्या हवेत ऑक्सिजनचं प्रमाण आपल्याइतकंच, म्हणजे २१ टक्केच असतं. पण हवेचा दाब निम्म्यावर आलेला असल्यामुळे एका श्वासातून शरीराला मिळणारा ऑक्सिजनही जवळजवळ निम्माच. शरीर याला सरावतं, पण आपल्या गतीने. आधी श्वास वाढतो. मग त्या वाढलेल्या श्वासाने बिघडलेलं रक्तातलं संतुलन मूत्रपिंडं दोन-तीन दिवसांत सावरतात. वर गेल्यावर वारंवार लघवीला जावं लागतं, त्यात याचाही भाग असतो. रक्तातल्या लाल पेशी वाढायला तर आठवडे लागतात. कमावलेल्या शरीराला या कामात सवलत मिळत नाही. उलट मॅरेथॉन धावणारा माणूस पहिल्या दोन दिवसांत पुढे निघून जातो आणि तिसऱ्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर डोकं धरून बसतो, असं मी एकाहून अधिक वेळा पाहिलं आहे.

म्हणून गट निवडताना पैशांचा आकडा बघायच्या आधी कार्यक्रमपत्रिका हातात घ्या आणि रोजच्या मुक्कामाच्या उंचीवर बोट ठेवत खाली या. दिवसा किती उंच चढलात याला कमी महत्त्व आहे. रात्री झोपता कुठे, ते बघायचं. ३,००० मीटरच्या वर गेल्यानंतर झोपण्याची उंची एका रात्रीत सुमारे ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक मुक्काम त्याच जागी करावा, असा डॉक्टरांनी सांगितलेला नियम आहे. त्या हिशेबाने चांगली पत्रिका अशी असते: लुक्ल्याला उतरून त्याच दिवशी खाली फाकदिंगला (२,६१० मीटर) मुक्काम. दुसऱ्या दिवशी दूधकोसी नदीवरचे झुलते पूल ओलांडून नामचे बाजार (३,४४०). ही उडी आठशे मीटरहून मोठी आहे, म्हणून नामचेला दोन रात्री. मग तेंगबोचे (३,८६०), मग डिंगबोचे (४,४१०) आणि तिथेही दोन रात्री. पुढे लोबुचे (४,९४०), गोरखशेप (५,१६४) आणि बेस कॅम्प. चढायला आठ दिवस, उतरायला तीन किंवा चार.

कुणी नामचेची दुसरी रात्र गाळून ‘सुट्टी वाचवा’ असं सांगत असेल तर त्या गटाबरोबर जाऊ नका. जे दिवस ते वाचवतात तेच दिवस तुमच्या शरीराला हवे असतात. नामचे आणि डिंगबोचेचे ते जादा दिवस पत्रिकेत ‘विश्रांतीचा दिवस’ म्हणून छापलेले असतात, पण दिवसभर पांघरुणात पडून राहायचं नसतं. नामचेहून ३,८८० मीटरवरच्या एव्हरेस्ट व्ह्यू हॉटेलपर्यंत किंवा खुमजुंग गावापर्यंत चढून जायचं, चहा प्यायचा, आणि झोपायला खाली यायचं. शरीराला वरची हवा दाखवून आणायची, इतकाच त्याचा हेतू. खुमजुंगला एडमंड हिलरींनी १९६१मध्ये सुरू केलेली शाळा आहे. तिच्या मैदानावर धावणारी मुलं पाहिली की आपली धाप जास्तच जाणवते.

आयोजकाला विचारायचा दुसरा प्रश्न मला पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो: गटातला एक माणूस आजारी पडला तर त्याच्याबरोबर खाली कोण उतरणार? सोळा जणांच्या गटाबरोबर एकच गाइड असेल तर पर्याय दोनच उरतात. एक तर सगळा गट थांबतो, म्हणजे प्रत्यक्षात कुणीच थांबत नाही आणि आजारी माणसालाही वर ओढत नेलं जातं. किंवा त्या माणसाला, औषधपाण्याची माहिती नसलेल्या एखाद्या पोर्टरच्या सोबतीने, खाली पाठवलं जातं. दोन्ही पर्याय वाईट. सहा-सात जणांमागे एक साहाय्यक गाइड असावा, तो शक्यतो स्थानिक असावा, आणि परतायचा निर्णय त्याने दिला तर मुंबई-पुण्याहून आलेल्या लीडरने तो मोडायचा नाही, हे निघण्याआधीच ठरलेलं असावं. ऑक्सिजनचा सिलिंडर बरोबर असतो का, कुणाकडे असतो, हेही विचारा. या प्रश्नांवर वैतागणाऱ्या आयोजकाला नमस्कार करून दुसरा शोधा.

आता गटाबद्दल. समूहाने जाण्याचे फायदे उघड आहेत: सोबत मिळते, खर्च वाटला जातो, थकल्यावर कुणी सॅक घेतं. धोका मात्र सहज दिसत नाही. माझ्या पहिल्या खेपेला डिंगबोचेच्या दुसऱ्या रात्री माझं डोकं ठणकत होतं, अन्नाचा वास सोसवत नव्हता. जेवताना लीडरने टेबलाच्या टोकाकडून विचारलं, “सगळे ठीक ना?” चौदा तोंडांमधून एकच ‘हो’ आला आणि त्यात माझाही होता. मी खोटं बोलले, कारण निघताना सोसायटीने पेढे वाटले होते, ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि आपल्यामुळे गट अडकेल याची लाज वाटत होती. रात्री दोनदा उलटी झाली. सकाळी आमच्या शेर्पा गाइडने माझा चेहरा बघितला, मला बाजूला घेऊन विचारलं, आणि सरळ सांगितलं, “दिदी, आज इथंच.” मी एक दिवस मागे राहिले, बरी झाले, आणि साहाय्यक गाइडबरोबर एक दिवस उशिरा वर गेले. तो साहाय्यक नसता तर काय झालं असतं, याचा विचार मी पुष्कळदा करते.

तेव्हापासून मी प्रत्येक गटाला दोन गोष्टी करायला सांगते. पहिली, जोड्या लावा. प्रत्येकाने आपल्या जोडीदाराला सकाळ-संध्याकाळ एकट्याला गाठून विचारायचं: डोकं दुखतंय का, जेवलास का, झोप लागली का. दुसरी गोष्ट घर सोडण्याआधीची आहे. नातेवाइकांना, मित्रांना सांगताना “बेस कॅम्पला चाललोय” असं न सांगता “खुंबूच्या खोऱ्यात चाललोय, जमेल तिथपर्यंत जाणार” असं सांगा. हे वाक्य घरीच बोलून ठेवलं की वरती मागे फिरणं सोपं जातं.

लक्षणं नीट समजून घ्या. डोकेदुखी, त्यासोबत मळमळ, भूक मेलेली, गळून गेल्यासारखं वाटणं, चक्कर, हा उंचीचा साधा त्रास. चढत्या वाटेवर यातलं काही झालं तर ते उंचीमुळेच आहे असं धरून चाला. ‘ऊन लागलं असेल’, ‘चहा मिळाला नाही म्हणून’ अशी कारणं शोधू नका. लक्षणं असताना पुढच्या मुक्कामाला चढायचं नाही. त्याच जागी राहून उतार पडला तर पुढे जायचं. वाढत असतील तर खाली उतरायचं, सकाळची वाट बघायची नाही. दोन गोष्टी मात्र प्राणावर बेततात. बसल्या जागी धाप लागणं, खोकला वाढणं, थुंकीत फेस किंवा लालसर झाक दिसणं म्हणजे फुफ्फुसात पाणी होतंय. आणि बोलण्यात घोळ, वागण्यात विचित्रपणा, चालताना झोकांड्या म्हणजे मेंदूला सूज येतेय. शंका आली तर त्या माणसाला सरळ रेषेवर टाचेला चवडा लावत दहा पावलं चालायला सांगा. तोल गेला तर रात्र असो वा हिमवृष्टी, त्याला लगेच खाली न्यायचं. त्याला एकटं सोडायचं नाही. पाचशे ते हजार मीटर उतरल्यावर पुष्कळदा फरक पडतो. औषधं आणि ऑक्सिजन मदतीला असतात. उतरण्याची जागा ती घेऊ शकत नाहीत.

बोटाला लावायचं ऑक्सिमीटर हल्ली प्रत्येक गटात असतं आणि संध्याकाळी आकड्यांची स्पर्धा लागते. ती बंद करा. गोरखशेपला ८० च्या आसपासचा आकडा असलेला माणूसही ठणठणीत असू शकतो, आणि त्याहून चांगला आकडा असलेल्याचं डोकं फुटत असू शकतं. माणूस कसा दिसतो, बोलतो, चालतो ते बघा.

डायमॉक्सबद्दल सगळे विचारतात. हे औषध, म्हणजे ॲसिटाझोलामाइड, शरीराच्या सरावण्याला वेग देतं. त्रास नुसता झाकत नाही. सहसा १२५ मिलिग्रॅमची मात्रा दिवसातून दोनदा, चढाई सुरू करण्याच्या आदल्या दिवसापासून देतात. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते. सल्फा औषधांची ॲलर्जी असलेल्यांनी डॉक्टरांना ती आधी सांगितलीच पाहिजे. घ्यायचं की नाही हे तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा आणि घ्यायचं ठरलं तर घरी एक-दोन दिवस घेऊन बघा. झोपेच्या गोळ्या आणि दारू मात्र चढताना दोन्ही नकोत. झोपेत श्वास आधीच मंदावत असतो. वरच्या मुक्कामांत मध्यरात्री श्वास थांबल्यासारखा होऊन एकदम दचकून जाग येते. ते अनेकांना होतं, त्याने घाबरून जाऊ नका.

फेरिचे गावात हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना आहे. १९७३पासून ही संस्था उंचीच्या आजारावर काम करते आणि हंगामात तिचे डॉक्टर तिथे दुपारी प्रवाशांसाठी माहितीचं सत्र घेतात. तुमचा मुक्काम फेरिचेला नसून डिंगबोचेला असला तरी मधला डोंगर ओलांडून अर्ध्या-पाऊण तासात तिथे जाता येतं. जादा दिवसाचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही. खाली खुमजुंगशेजारच्या खुंदे गावात हिलरींनी १९६६मध्ये उभारलेलं रुग्णालय आहे.

घरची तयारी तीन-चार महिने आधी सुरू करा. उंचीचा सराव करता येत नसला तरी पायांचा येतो, आणि पाय तयार असले की शरीराची बाकीची ताकद हवेशी जुळवून घ्यायला उरते. पुण्याचे लोक आतकरवाडीकडून सिंहगड चढतात, तो चांगला. पण किती मिनिटांत चढलो हे मोजणं थांबवा. पाठीवर सहा-सात किलो घ्या, बोलता येईल इतक्या चालीने चढा आणि चालतच खाली उतरा. गाडीने उतरलात तर गुडघ्यांचा सराव बुडाला. शेवटच्या महिन्यात सलग दोन-तीन दिवस असं करा. राजगड-तोरणा ही जोडी त्यासाठी उत्तम. ज्यांच्या गावात डोंगर नाही त्यांना इमारतीचे जिने आहेतच. पन्नाशी ओलांडली असेल, रक्तदाब किंवा हृदयाचा काही इतिहास असेल तर तपासण्या करून घ्या. मधुमेह असलेले लोक ही वाट चालतात, पण इन्सुलिन गोठलं की निकामी होतं, म्हणून ते दिवसा कपड्यांच्या आत आणि रात्री स्लीपिंग बॅगमध्ये अंगाशी ठेवायचं.

सामानाबद्दल थोडक्यात. लुक्ल्याच्या विमानात साधारण १५ किलोच नेता येतं, त्यामुळे निवड आपोआप होते. सुती कपडे नकोत, घामाने भिजले की वाळत नाहीत. थराथरांचे कपडे, चांगली टोपी, दोन जोड हातमोजे, डोक्याची बॅटरी, गडद गॉगल, काठ्या. डाउन जॅकेट आणि स्लीपिंग बॅग थमेलमध्ये भाड्याने मिळतात. त्यासाठी घरी खर्च करू नका. बूट मात्र स्वतःचे, दोन महिने वापरून पायाला बसलेले. उतरायच्या आदल्या दिवशी पायाची नखं कापा, नाहीतर बुटात आपटून काळी पडतात. पाण्यासाठी क्लोरीनच्या गोळ्या न्या.

खाण्याची आबाळ होत नाही. डाळभात पोटभर आणि पुन्हा वाढून मिळतो. नामचेच्या वर मांस खाऊ नये. या खोऱ्यात प्राणी मारत नाहीत, मांस खालून पाठीवर वाहून येतं आणि वाटेत किती दिवस गेले कुणी सांगू शकत नाही. शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, राजगिऱ्याचे लाडू थोडे न्या. चार हजार मीटरवर भूक मरते तेव्हा ओळखीची चव घास उतरवते. पाच किलो चिवडा नेणारे गट मी पाहिले आहेत. तो चिवडा कुणाच्या तरी पाठीवरून जातो, हे लक्षात असू द्या.

ज्याच्या पाठीवरून जातो त्या माणसाबद्दल. शेर्पा हे कामाचं नाव नाही, ती एक जमात आहे. तिबेटच्या पूर्वेकडून काही शतकांपूर्वी या खोऱ्यात येऊन वसलेली. तुमच्या डफल बॅगा उचलणारे पोर्टर पुष्कळदा शेर्पा नसतात. खालच्या गावांतले राई, तामांग, मगर तरुण असतात, आणि उंचीचा त्रास त्यांनाही तुमच्यासारखाच होतो. फरक इतकाच की तो सांगितला तर मजुरी बुडेल ही भीती त्यांना असते. दोघांच्या सामानाला एक पोर्टर अशी रीत आहे. म्हणजे तुमचा वाटा १२ ते १५ किलोंचा. त्यांचा विमा काढला आहे का, वरती झोपायला जागा आणि गरम कपडे आहेत का, हे आयोजकाला निघण्याआधी विचारा. वाटेवर त्यांना ‘ए’ म्हणून हाका मारू नका. ‘दाई’ (थोरला भाऊ) किंवा ‘भाइ’ (धाकटा भाऊ) हे शब्द पहिल्याच दिवशी शिकून घ्या. ‘बिस्तारै’ म्हणजे सावकाश, हा शब्द तेच तुम्हाला शिकवतील.

याकांची किंवा झोप्क्यांची (याक आणि गाईच्या संकरातली जनावरं) रांग समोरून आली की डोंगराच्या बाजूला उभे राहा, दरीच्या बाजूला कधीही नाही. त्यांच्या पाठीवरच्या ओझ्याचा धक्का लागून माणसं खाली गेली आहेत. वाटेत कोरलेल्या मंत्रांच्या माणी भिंती लागतात, त्या आपल्या उजव्या हाताला ठेवून पुढे जायचं. आपण देवळात प्रदक्षिणा घालतो तीच दिशा. लोबुच्याच्या वाटेवर थुक्ला चढून वर गेलं की एव्हरेस्टवर आणि आसपासच्या शिखरांवर गेलेल्यांची स्मारकं लागतात. तिथे फोटोसाठी आरडाओरडा नको, थोडं शांत बसावं.

पैसे आणि कागद. भारतीयांना नेपाळला व्हिसा लागत नाही, पण विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. आधार चालेल म्हणून विमानतळावर अडकलेले लोक दर हंगामात दिसतात. शंभर भारतीय रुपयांचे १६० नेपाळी होतात. नामचेच्या वर एटीएमवर विसंबू नका. गरम पाणी, मोबाइल चार्जिंग, वायफाय, चहा या सगळ्याचे भाव उंचीबरोबर चढत जातात आणि ते पॅकेजमध्ये बहुधा धरलेले नसतात. विम्याची अट शब्दशः वाचा. आपल्याकडच्या कितीतरी प्रवास विम्यांत ठरावीक उंचीवरची पदभ्रमंती वगळलेली असते. सहा हजार मीटरपर्यंतचा ट्रेक आणि हेलिकॉप्टरने सुटका दोन्ही त्यात आहे, असं कंपनीकडून लेखी घ्या. गरज नसताना हेलिकॉप्टर बोलावून विमा उकळण्याचे प्रकार नेपाळमध्ये घडले आणि २०१८मध्ये सरकारने त्याची चौकशीही केली. तेव्हा कुणी घाईने हेलिकॉप्टर बोलवायला निघालं आणि तुम्ही चालू शकत असाल, तर आधी जवळच्या डॉक्टरांना दाखवा, विमा कंपनीला फोन करा. जिवावरचं असेल तर अर्थातच क्षणभरही थांबू नका.

एक गोष्ट बऱ्याच जणांना तिथे गेल्यावर कळते आणि त्यांचा हिरमोड होतो: बेस कॅम्पवरून एव्हरेस्टचं शिखर दिसत नाही. नुप्त्से आणि पश्चिम धार आड येतात. शिखर बघायचं तर गोरखशेपहून पहाटे काला पत्थर चढावं लागतं, साडेपाच हजार मीटरच्याही वर. म्हणून ज्याला लोबुच्याला थांबावं लागलं त्याने सगळं गमावलं असं समजू नका. माझ्या मते या वाटेवरचं सर्वांत सुंदर दृश्य तेंगबोचेच्या गोम्पाच्या, म्हणजे बौद्ध मठाच्या, अंगणातून दिसतं, समोर आमा दबलम आणि मागे नुप्त्से-ल्होत्सेच्या भिंतीवरून डोकावणारा एव्हरेस्ट. तिथवर धडधाकट माणूस चौथ्या दिवशी पोचतो.

परतीच्या तिकिटात दोन दिवस मोकळे ठेवा. लुक्ल्याची धावपट्टी ५२७ मीटरची, एका टोकाला डोंगर आणि दुसऱ्या टोकाला दरी. ढग आले की विमानं उडत नाहीत, दुपारी वारा सुटल्यावर तर नाहीतच. हंगामात बरीच उड्डाणं काठमांडूऐवजी रामेछापच्या मंथलीहून होतात; तिकडे जायचं तर मध्यरात्रीनंतर निघून चार-पाच तास गाडीत बसावं लागतं. हे पत्रिकेत लिहिलं नसेल तर विचारून घ्या.

लुक्ल्याची शेवटची संध्याकाळ पोर्टर आणि गाइडना बक्षिसी देण्याची. गटाने रक्कम आधीच गोळा करून, पाकिटं वेगवेगळी करून, प्रत्येकाच्या हातात स्वतः द्यावी. एका माणसाकडे सोपवून ‘वाटून घ्या’ म्हणू नये. पोर्टर पहाटेच पुढच्या गटाच्या शोधात निघून जातात, म्हणून हे रात्रीच्या जेवणाआधी उरकायचं. आणि ज्याने तुमची डफल बारा दिवस उचलली, त्याचं नाव तोवर तुम्हाला पाठ असू द्या.